मॉडिफाय केलेली जुनी ओम्नी घेतलीय? पत्र्याचं काम असं करून घ्या

मारुतीने १९८४ साली ‘व्हॅन’ आणली, १९८८ला तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ला उत्पादन थांबलं. एवढ्या काळात ठाणे-नवी मुंबईत या गाडीने शाळेची मुलं नेली, केटररची पातेली नेली, पेशंट नेले. आता हौशी लोक तिला शोधून शोधून घेतायत. अडचण अशी, की बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच ओम्नी कोणीतरी आधीच कापलेल्या असतात. कोणी फायबरचं उंच छप्पर बसवलेलं असतं, कोणी मालवाहू कार्गो ओम्नीला काचांसाठी पत्रा कापलेला असतो, मागे शिडी, वर कॅरिअर, पुढे लोखंडी गार्ड.

हे मार्गदर्शन फक्त बॉडीचं आहे, इंजिनाचं नाही. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा: मॉडिफाय केलेली गाडी सगळीकडून सारखी सडत नाही. आधीच्या माणसाने जिथे ग्राइंडर चालवला, ड्रिल मारलं, स्क्रू पिळला, तिथून ती सडायला लागते. कंपनीचा रंग आणि खालचा प्रायमर एकदा फोडला की कापलेली कड उघडी पडते, आणि ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी सगळं खाडीकाठी. खारट दमट हवा बाकीचं काम करते. म्हणून आपलं निम्मं काम म्हणजे आधीच्या मिस्त्रीने कुठे कुठे हात लावला ते हुडकणं.

१. गाडीआधी आरसी वाचा

आरसीवर बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रंग, इंधन आणि चासी नंबर असतो. यातलं काय काय समोरच्या गाडीशी जुळत नाही ते लिहून काढा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘आधीच्या मालकाने केलंय’ हे उत्तर रस्त्यावर चालत नाही, आणि इन्शुरन्स कंपनीपुढे तर मुळीच नाही.

गाडी पूर्वी शाळेची व्हॅन किंवा अॅम्ब्युलन्स असेल तर ती बहुधा ट्रान्सपोर्ट वर्गात नोंदलेली असते. ती खासगीत आली आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. पत्र्यावर खर्च करून मग हे कळलं तर गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी राहते.

‘क्लासिक म्हणून विंटेजमध्ये टाकू’ असं कोणी सांगेल, ते सोडून द्या. २०२१च्या केंद्रीय नियमांत विंटेजसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. सगळ्यात पहिली मारुती व्हॅनसुद्धा २०३४च्या आधी तिथे पोचत नाही. शिवाय चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार केलेली गाडी त्यात बसतच नाही.

२. कागद आणि हत्यारं गोळा करा

कागद:

- आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी
- कर्ज असेल किंवा कधी असलं असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि आरसीवरून बोजा उतरल्याची खात्री
- सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर आरसीवर नोंद आणि टाकीच्या तपासणीचं प्रमाणपत्र (सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी)
- चासी नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला प्रिंट आणि स्पष्ट फोटो, काम सुरू होण्याआधीचा
- जुने दरवाजे, छप्पर वगैरे घ्याल त्याचं बिल. भंगारातला भाग असला तरी बिल मागाच. चोरीच्या मालाची चौकशी आली तर हाच कागद कामाला येतो

तुमच्या स्वतःच्या हातात: चांगली बॅटरी (टॉर्च), कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, टोकदार स्क्रूड्रायव्हर, मार्कर, झिपच्या पिशव्या. नट-बोल्ट पिशवीत घालून वर ‘डावा सरकता दरवाजा, खालची रोलर’ असं मराठीत लिहा. मिस्त्री डबा एकच ठेवतो, आणि शेवटी चार स्क्रू उरतात, जे कुठले ते कोणालाच माहीत नसतं.

३. गाडी उघडी करा

मॅट, सीट, आतलं रेक्झिन, दरवाजांचे आतले पुठ्ठे, पुढचे दिवे, बंपर, बीडिंग सगळं काढायचं. रंगावर फुगा दिसतोय म्हणजे आत त्याच्या दुप्पट-तिप्पट गंज धरून चाला. मग चुंबक फिरवा. जिथे ते पकडत नाही किंवा लुळं पकडतं तिथे खाली जाड पुट्टी (खड्डे भरायचा लेप) आहे किंवा फायबर चिकटवलंय. स्क्रूड्रायव्हरने बेताने टोचा. आत गेला तर तो पत्रा संपला.

ओम्नीत हमखास बघायच्या जागा:

- सरकत्या दरवाजाची खालची पट्टी आणि त्याखालचा बॉक्ससारखा भाग, म्हणजे सिल. माती साचून राहते, पाणी निघायची भोकं बुजतात
- पुढच्या काचेच्या रबराखालची ओठासारखी कड. पावसात पायावर पाणी ठिबकत असेल तर शंका नकोच
- चाकांवरच्या कमानी, आतून
- छपराच्या कडेची पन्हळ
- मागच्या दरवाजाची खालची कड
- मॅटखालचा फ्लोअर, विशेषतः मॅटला मागून फोम चिकटवलेला असेल तर. तो फोम पाणी धरून ठेवतो

आणि आता मॉडिफिकेशनच्या जागा. कॅरिअरचे पाय, शिडीचे स्क्रू, जादा दिव्यांच्या वायरीची भोकं, स्पीकरसाठी कापलेले दरवाजे, काचेसाठी कापलेला बाजूचा पत्रा. प्रत्येक जागेला मार्करने नंबर द्या आणि फोटो काढा. ही यादीच पुढे तुमचं एस्टिमेट ठरवते.

या जागांवर सिलिकॉन फासलेलं असेल तर त्याचा वास आठवून बघा. नळीतून काढताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते अॅसिटिक अॅसिड. उघड्या पत्र्यावर तेच सिलिकॉन लावलं की गळती थांबल्यासारखी वाटते आणि खाली गंज जोरात धरतो. वर त्याचा तेलकट अंश पत्र्यावर राहिला तर नवा रंग तिथे बसत नाही, टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात. म्हणून पुट्टीच्या आधी सिलिकॉन ब्लेडने खरवडून, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने दोनदा पुसून काढायचं. नव्या सांध्यांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट.

४. काय ठेवायचं, काय काढायचं

माझं मत सरळ आहे: पत्र्याला धक्का देणारं आणि आरसीत नसलेलं सगळं काढा. पुढचा लोखंडी गार्ड तर डिसेंबर २०१७पासून केंद्राच्या आदेशानुसार बेकायदा आहे, त्यावर चर्चाच नको. आतलं लाकडी सामान, पडदे, घडीचं टेबल ही बॉडीची कामं नव्हेत. ती नंतर, मूळ सीटच्या बोल्टांवर बसतील अशी करता येतात.

खरा प्रश्न फायबरच्या उंच छपराचा. ते दिसतं छान, आत उभं राहता येतं, त्यामुळे मन निघत नाही. पण ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा होतो. छप्पर कापताना मधल्या आडव्या पट्ट्याही कापल्या जातात, आणि मग वळणावर गाडी कुरकुरते, दरवाजे घासतात, पुढची काच विनाकारण तडकते. मी छप्पर लोखंडाचंच परत बसवा म्हणेन. खर्च वाढतो, हे खरं.

५. डेंटर कुठे आणि कसा शोधायचा

ठाण्यात वागळे इस्टेट, नवी मुंबईत तुर्भे, रबाळे, पावणे या पट्ट्यात डेंटिंग-पेंटिंगची शेड भरपूर आहेत. नव्या गाड्यांचे इन्शुरन्सचे जॉब करणारं चकचकीत गॅरेज या कामाला बरोबर नाही, कारण तिथे सडलेला पत्रा बदलतात, बनवत नाहीत. तुम्हाला पत्रा वाकवून, घडी घालून पट्टी तयार करणारा माणूस हवा. ओळखायचा कसा? त्याचं चालू असलेलं, रंग न मारलेलं काम बघा. रंग मारलेल्या गाडीवर कोणीही उस्ताद दिसतो.

त्याला तीन प्रश्न विचारा. पत्रा किती जाडीचा वापरणार? झाळ, म्हणजे वेल्डिंग, गॅसच्या ज्योतीची की सीओटूची (विजेवर वायर वितळवणारी)? झाळल्यावर आतून काय लावणार? तिन्हींना ‘हो जाएगा साब’ असं उत्तर आलं तर चहा प्या आणि निघा.

ठरवताना डेंटिंग आणि पेंटिंगचे पैसे वेगळे लिहून घ्या. एकत्र ठरवलं की पत्र्याचं काम आटोपतं घेऊन पुट्टीत भागवायचा मोह होतो. पैसे टप्प्याने द्या: उघडी करून झाल्यावर, पत्रा झाल्यावर, प्रायमर झाल्यावर, रंग झाल्यावर. आणि ‘पुट्टी मारण्याआधी मला दाखवायचं’ ही अट बोलून नाही, लिहून.

वेळेचंही बघा. गणपतीआधी कोकणात जाणाऱ्यांच्या गाड्यांनी प्रत्येक शेड भरलेली असते, तुमची व्हॅन कोपऱ्यात ढकलली जाणार. सगळ्यात बरा काळ दिवाळीनंतरचा. नोव्हेंबरात पत्रा सुरू करा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत रंग होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर लावायचा विचार असेल तर सेक्रेटरी पहिल्याच दिवशी खाली येईल.

६. पत्र्याचं काम

झाळकाम सुरू होण्याआधी बॅटरीची वायर काढलेली, पेट्रोलची टाकी उतरवलेली आणि गॅसची टाकी गाडीबाहेर हवी. शेडमधले लोक ‘कुछ नहीं होता’ म्हणतील. तुम्ही अडून बसा.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) शीटचा घ्यायचा. गेजचा आकडा कमी तसा पत्रा जाड. बाहेरच्या पॅनलला २२ गेज, म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटर, फ्लोअरला २० गेज, सिल आणि जोर येणाऱ्या जागांना १८ गेज. मोठा माल कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळतो, पण एका व्हॅनसाठी तिथे जायची गरज नाही, जवळचा पत्रेवाला अर्धी शीट देतो. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा ‘गंजत नाही’ म्हणून पुढे करतील. त्यावरचं जस्त झाळताना जळतं, धूर विषारी असतो आणि सांध्यापाशी ते उरतही नाही.

दरवाजे, मागचा दरवाजा, बाजूचे मोठे भाग बनवत बसू नका. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगार बाजारात कापलेल्या ओम्नीचे भाग मिळतात. कंपनीचा जुना पण सरळ दरवाजा हा नव्या डुप्लिकेटपेक्षा चांगला. डुप्लिकेटचा पत्रा हलका असतो आणि कड जुळवताना डेंटर घामाघूम होतो. घेताना खालची कड आतून बोटाने चाचपा.

आता क्रम. एका बाजूचं सिल कापायचं तर दुसऱ्याला हात लावायचा नाही. कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आतून आडवे-तिरपे अँगल टाचून घ्यायचे, नाहीतर बॉडी बसते. गंज जिथे संपतो असं वाटतं त्याच्या इंचभर पुढून कापा. सडलेल्यावर नवी पट्टी ठोकून वरून झाळ, म्हणजे जखम तशीच ठेवून वर सदरा घालणं. इथे हेच सर्रास चालतं, कारण दोन पावसाळे ते दिसत नाही.

झाळ सीओटूची, बारीक वायरने, आणि ठिपक्या-ठिपक्याने: एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मग परत मध्ये. सलग ओढली की पातळ पत्रा तापून लाटा येतात, मग त्या लाटा भरायला पुट्टी. गॅस वेल्डिंगवर हात बसलेले जुने कारागीर आहेत आणि ते सुंदर काम करतात, पण बाजूच्या मोठ्या सपाट पत्र्यावर त्यांनाही नको म्हणा.

सगळं सरळ आलं का, हे मोजायला ओम्नीत एक आयतं माप आहे: सरकता दरवाजा. प्रत्येक टप्प्यानंतर तो रुळावर चढवून, एका बोटाने ढकलून बघा. वर, मध्ये, खाली अशा तीन रोलर असतात. नव्या रोलर टाकूनही तो शेवटच्या वीतभर अंतरात जड जात असेल किंवा मागची फट वर रुंद, खाली अरुंद दिसत असेल, तर चौकट तिरकी झालीय. हे झाळ टाचलेली असतानाच सुधारतं. पूर्ण झाळल्यावर मग रोलर घासून, रूळ ठोकून ‘अॅडजस्ट’ करतात, आणि दरवाजा आयुष्यभर आवाज करतो.

चासी नंबर ठोकलेल्या पत्र्याला ग्राइंडर, झाळ, पुट्टी काहीही लागता कामा नये. भोवती गंज असला तर डेंटरच्या हातात देण्याआधी त्यावर टेप लावा. तो नंबर खाडाखोड झालेला दिसला तर बाकी सगळं काम फुकट जातं.

७. छप्पर परत बसवणं

फायबर उतरवलं की खाली रिव्हेटची भोकं, चिकट काळा मसाला आणि कापलेली वेडीवाकडी कड दिसते. त्या कडेवर पट्ट्या लावत बसण्यापेक्षा भंगारातल्या ओम्नीचं पूर्ण छप्पर आणि त्याच्या आडव्या पट्ट्या घ्या.

छप्पर खांबातून कापून आणायचं नाही. पन्हळीत कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल ठिपके असतात. रंग खरवडला की ते दिसतात. एकेक ठिपका ८ मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त वरच्या पत्र्यापुरता उडवायचा, मग छपराचा पत्रा सोलून निघतो. आपल्या गाडीवरही तसंच. नवं छप्पर ठेवल्यावर पुढची काच रबरासकट तात्पुरती लावून बघा, मागचा दरवाजा बंद करून बघा, आणि मगच त्याच भोकांतून झाळ भरा. दोन पत्र्यांच्या मध्ये आधी जस्ताचा वेल्डिंग प्रायमर. शेवटी पन्हळभर सीम सीलर (सांधे बुजवायचा मसाला), सलग, कुठेही न तुटता. कामाचा हा भाग घाईत झाला तर उरलेल्या गाडीवर कितीही पैसे ओता, पाणी इथूनच येणार.

८. पुट्टी, प्रायमर, रंग

उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर इथल्या हवेत सकाळी त्यावर तांबूस छटा येते. म्हणून ज्या दिवशी घासला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. रेडऑक्साइड ग्रिलला ठीक आहे, गाडीला नको.

दोन भाग मिसळायची पॉलिस्टर पुट्टी ३ मिलिमीटरपेक्षा जाड नको. त्याहून लागतेय म्हणजे ठोकाई अपुरी आहे, डेंटरकडे परत. घासायचा कागद ८०, १८०, ३२० असा चढत जातो, सरफेसरवर (रंगाआधीच्या शेवटच्या प्रायमरवर) ६०० किंवा ८००चा पाणी पेपर. पाण्याने घासल्यावर पुट्टी उन्हात पूर्ण वाळू द्या; ती पाणी पिते आणि महिन्याने फुगा होऊन परत देते.

रंग टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन. जुना ड्युको (नायट्रोसेल्युलोजचा रंग) स्वस्त पडतो, पण दमट हवेत पांढुरका पडतो आणि पेट्रोल सांडलं की डाग. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारणारा माणूस रुमाल बांधून उभा असेल तर त्याला फिल्टरचा मास्क तुम्ही आणून द्या. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सकाळी काढलं का, तेही विचारा.

रंग आरसीवरचाच ठेवा, कटकट वाचते. पांढऱ्यातही छटा असतात. डब्याच्या नंबरावर न जाता दरवाजाच्या आतल्या, ऊन न लागलेल्या भागाशी जुळवा.

९. बंद जागा आणि पाणी

रंगानंतर सिल, दरवाजे, आडव्या पट्ट्या यांच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारून घ्या. हे कोणी आपणहून करत नाही, कारण ते दिसत नाही. त्याआधी खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी केलेली हवीत. अंडरकोटिंग करताना पोरं तीच भोकं बुजवतात, तिथे उभे राहा.

रबरं सगळी नवी. मग एकाने आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी, खालून वर चढत. आधी सिल, मग दरवाजे, काच, शेवटी पन्हळ. एकदम वरून सोडलं तर कुठून आत आलं ते कळत नाही. मॅट आणि आतलं सामान ही परीक्षा झाल्यावरच.

१०. आरटीओ

ठाण्याची गाडी एमएच-०४, वाशीची एमएच-४३, पनवेलची एमएच-४६. जिथली नोंदणी तिथेच काम. मूळ रूपात परत आणलीत तर आरसी जुळते आणि विषय मिटतो. रंग बदलायचा किंवा आरसीला धक्का देणारा दुसरा काही बदल ठेवायचा असेल तर काम करण्याआधी वाहन पोर्टलवर अर्ज करून परवानगी, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवणं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म २५ मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत भरता येतो. २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारगाडीचं शुल्क ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झालंय, पर्यावरण कर वेगळा. गाडी प्रत्यक्ष तपासतात. म्हणून रंग करण्याआधी मुदत बघा: मुदत सहा महिन्यांवर असेल तर पत्रा आणि रंग आधी उरका, आजच संपलेली असेल तर गाडी टोइंगवरच शेडपर्यंत न्या, चालवत नाही. नंबर प्लेट एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) लागते, ती रंग पूर्ण सुकल्यावर बसवा. मागच्या दरवाजावर प्लेटसाठी नवीन भोक पाडायला लावू नका, जुनीच भोकं जुळवून घ्यायची.